'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'च्या तिन्ही ॲनिमेशनपटांचं संगीत एकाच संगीतकाराचं आहे का? ऐकायला कुठून सुरुवात करू?

हो, तिन्ही भागांचं (2010, 2014, 2019) पार्श्वसंगीत जॉन पॉवेल यांचं आहे, आणि सुरुवात पहिल्याच अल्बमपासून करा. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत हे नाव आहेच, पण तिन्ही अल्बम ओळीने ऐकलेत तर कानांनाही पटेल, कारण पहिल्या भागातल्या धुना पुढे पुन्हा पुन्हा भेटतात. आधी 'धिस इज बर्क' ऐका, मग लगेच 'टेस्ट ड्राइव्ह'. सुरुवातीला गावाची ओळख करून देणारी धून हिकप हा मुलगा आणि त्याचा ड्रॅगन टूथलेस यांच्या उड्डाणात अशी काही उसळून येते की अंगावर काटा येतो. 'फॉरबिडन फ्रेंडशिप' मात्र शांतपणे, हेडफोन लावून ऐका. त्या प्रसंगात जवळजवळ संवादच नाहीत. तालवाद्यांच्या हलक्या ठोक्यांवर एकेक वाद्य येत जातं, शेवटी समूहस्वर मिसळतात आणि मुलगा-ड्रॅगनमधला विश्वास संगीतातूनच उभा राहतो. माझ्या मते सगळ्या मालिकेतली ही सर्वांत सुंदर रचना. याच पहिल्या भागासाठी पॉवेल यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

एक लक्षात ठेवा: 'एकाच संगीतकाराचं' हे पार्श्वसंगीतापुरतं खरं आहे. पहिल्या भागाच्या शेवटी वाजणारं 'स्टिक्स अँड स्टोन्स' हे गाणं आइसलँडच्या योन्सी या गायकाचं आहे, आणि याच कथेवरच्या टीव्ही मालिकांचं संगीतही पॉवेल यांनी केलेलं नाही.