१९२९ ची महामंदी : शेअर बाजार, बँका आणि बिचारा हूव्हर

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेत एवढी सुबत्ता होती, तर शेअर बाजाराच्या एका आपटीने अख्खा देश रस्त्यावर कसा आला? राष्ट्राध्यक्ष हूव्हर खरंच हातावर हात ठेवून बसला होता का? आणि मंदी संपवली ती त्याच्यानंतर अध्यक्ष झालेल्या रूझवेल्टने का? माझी उभी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे मी या सगळ्याकडे काउंटरच्या आतल्या बाजूने बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी शेअर बाजाराचं. ३ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी आणि २९ च्या मंगळवारी बाजार कोसळला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या मंगळवारी एका दिवसात १ कोटी ६४ लाख शेअर विकले गेले, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निर्देशांक २०० च्या खाली आला. पण पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. एप्रिल १९३० मध्ये तोच निर्देशांक २९४ पर्यंत परत चढला होता. 'झालं गेलं, संपलं' असं तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं. शिवाय १२ कोटींच्या देशात दलालाकडे खातं असलेले लोक होते जेमतेम १५ लाख. आयोवा राज्यातल्या मका पिकवणाऱ्याने वॉल स्ट्रीट, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा रस्ता, बघितलीही नव्हती. मग त्याचं घर लिलावात कसं गेलं? खरा प्रश्न हा आहे.

त्यासाठी ती सुबत्ता नेमकी कोणाची होती ते बघावं लागतं. शहरात ती खरीच होती. १९२० मध्ये रस्त्यावर ८० लाख मोटारी होत्या, १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. फोर्डची मॉडेल टी एका टप्प्यावर २६० डॉलरला मिळत होती. रेडिओ, धुलाई यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं हप्त्यांवर. निम्म्याहून जास्त मोटारी उधारीवर जात. हप्त्यांच्या सुबत्तेत एक गोम असते. पगार चालू आहे तोवर ती दिसत नाही, आणि पगाराची शंका आली की माणूस सगळ्यात आधी नवी खरेदी थांबवतो. १९३० मध्ये नेमकं तेच झालं.

खेड्यात मात्र मंदी १९२९ ला आलीच नाही, ती १९२० पासून तिथेच मुक्कामाला होती. पहिल्या महायुद्धात युरोपला गहू हवा होता, भाव बुशेलला (साधारण २७ किलोला) दोन डॉलरच्या वर गेला, आणि शेतकऱ्यांनी कर्ज काढून महागात जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले. युद्ध संपलं, युरोप पुन्हा पेरायला लागला, भाव निम्म्यावर आले. कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं. दशकाच्या अखेरीस शहरांतल्या बहुतेक घरांत वीज होती, तर शेतांवरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात. शेतमालाच्या भावाला आधार देणारं मॅकनॅरी-हॉगन विधेयक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोनदा मंजूर केलं आणि अध्यक्ष कूलिजने १९२७ आणि १९२८ मध्ये ते दोन्ही वेळा परत पाठवलं. कूलिजला उगाच दोष देत नाही, त्या काळच्या सरकारची समजूतच तशी होती. अर्थमंत्री मेलनने आयकराचा वरचा दर ७३ टक्क्यांवरून २५ वर आणला होता. केंद्र सरकारचा सगळा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. सामान्य अमेरिकनाला वॉशिंग्टनचं सरकार भेटायचं ते पोस्टमनच्या रूपात.

आता बँका. माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे.

१९२९ मध्ये अमेरिकेत सुमारे २५,००० बँका होत्या. पंचवीस हजार शाखा नव्हेत, पंचवीस हजार वेगवेगळ्या बँका. बऱ्याच राज्यांत शाखा काढायला कायद्याने बंदी होती किंवा कडक मर्यादा. मोठ्या शहरातल्या सावकारी भांडवलाने आपलं गाव गिळू नये ही त्यामागची भावना, आणि ती काही वेडगळ नव्हती. पण परिणाम असा की गव्हाच्या गावातली बँक म्हणजे एक इमारत, गव्हाच्या शेतकऱ्यांच्या ठेवी आणि गव्हाच्या शेतकऱ्यांना दिलेली कर्जं. भाव पडला की कर्ज थकतं आणि त्याच आठवड्यात ठेवीही निघायला लागतात. दुसऱ्या गावची शाखा सावरून घेईल म्हणावं तर दुसरी शाखाच नाही. म्हणून तर ज्याला आपण सुबत्तेचं दशक म्हणतो त्या दशकात, मंदीच्या आधीच, पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या, बहुतेक खेड्यापाड्यातल्या. वॉल स्ट्रीटला त्याचं काही वाटलं नाही.

फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक ('फेड'), होती की, असं कोणी म्हणेल. होती, १९१३ पासून. पण जवळपास दोन तृतीयांश बँका तिच्या सदस्यच नव्हत्या. अडीअडचणीला तिच्या दारात जायची त्यांना सोय नव्हती.

नोव्हेंबर १९३० मध्ये नॅशव्हिलची कॉल्डवेल अँड कंपनी बुडाली आणि तिच्याशी बांधलेल्या दक्षिणेतल्या बँका पाठोपाठ गेल्या. ११ डिसेंबरला न्यूयॉर्कमधली 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' बंद झाली. नाव ऐकून सरकारी वाटावी अशी, पण होती खाजगी. सुमारे चार लाख ठेवीदार, त्यात कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे, युरोपातून आलेले ज्यू कामगार पुष्कळ. शिकागोत जेसी बिंगाची बँक त्याच वर्षी जुलैत गेली होती. कृष्णवर्णीयांना कर्ज देणाऱ्या ज्या थोड्या बँका होत्या त्यांतली ती एक, आणि तिच्याबरोबर एका वस्तीची बचत गेली.

बँकेत काम न केलेल्यांना वाटतं की बँक बुडते ती चोरीमुळे किंवा बुडीत कर्जामुळे. पण धडधाकट बँकही रांगेने मरते. कोणत्याही बँकेच्या तिजोरीत सगळ्या ठेवींएवढी रोकड कधीच नसते. दारात रांग लागली की बँक रोखे विकायला काढते. सगळ्याच विकायला लागल्या की रोख्यांचे भाव पडतात, आणि जिच्या दारात रांग नाही अशा बँकेच्या वह्यांतही तोटा दिसायला लागतो. मग व्यवस्थापक नवी कर्जं बंद करतो, जुनी मुदतीआधी मागतो. गावातला कारखानदार पगारासाठी उचल घेत असतो ती थांबते, तो कामगार कमी करतो, आणि ते कामगार ठेवी काढायला येतात. यात एकही माणूस मूर्खपणा करत नाही. पहाटे सहाला रांगेत उभा राहिलेला तर अजिबात नाही. त्याचे पैसे निघतात, नऊला आलेल्याचे बुडतात. आपल्याकडे निर्बंध आलेल्या सहकारी बँकेच्या दारातली रांग ज्यांनी बघितली आहे त्यांना हे सांगायला नको.

१९३० मध्ये सुमारे १,३५० बँका बुडाल्या, १९३१ मध्ये सुमारे २,३००. लोकांनी पैसे गादीखाली, बरण्यांत, आणि विशेष म्हणजे पोस्टात ठेवले. पोस्टाच्या बचत खात्यांवर व्याज फक्त २ टक्के, तरी तिथल्या ठेवी १९२९ च्या सुमारे १५ कोटी डॉलरवरून १९३३ पर्यंत १२० कोटींवर गेल्या. पोस्टमनचं सरकार तेवढं लोकांना खात्रीचं वाटत होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या टेनिनो गावात १९३१ च्या डिसेंबरात गावची एकुलती बँक बंद झाली, तर लोकांनी लाकडाच्या पातळ चकत्यांवर छापलेलं चलन वापरलं. गंमत म्हणून आज संग्राहक ते विकत घेतात.

त्यात सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे ठरल्या भावाने चलनाच्या बदल्यात सोनं द्यायची व्यवस्था, सोडलं. आता डॉलरचीही पाळी, या भीतीने अमेरिकेतून सोनं बाहेर जायला लागलं. ते थोपवण्यासाठी फेडने ऑक्टोबरात दोन हप्त्यांत व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला. बँका पटापट मरत असताना पैसा महाग केला! सोन्याच्या हिशेबाने ते बरोबर होतं आणि देशाच्या हिशेबाने आत्मघातकी. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतला एकूण पैसा, म्हणजे रोकड आणि ठेवी मिळून, सुमारे एक तृतीयांशाने घटला.

आणि इथे आयोवातला आपला शेतकरी परत येतो. १९३२ मध्ये गव्हाचा भाव ४० सेंटच्याही खाली होता. बुशेलला डॉलर मिळत असताना ज्याने कर्ज घेतलं त्याला आता तेच कर्ज फेडायला अडीच-तीनपट गहू द्यावा लागत होता, व्याज वेगळंच. मका विकण्यापेक्षा चुलीत जाळणं परवडत होतं. लिलाव सुरू झाले तेव्हा शेजाऱ्यांनी संगनमत केलं. सगळे जमायचे, गाय पाच सेंट, नांगर दहा सेंट अशी बोली लावायचे, बाहेरचा कोणी वर चढला तर त्याला समज द्यायचे, आणि संध्याकाळी सगळं मूळ मालकाला परत. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातल्या ल मार्स गावी जमावाने जमीनजप्तीचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर नेलं आणि गळ्यात दोर घातला. जीव वाचला त्याचा. हे रशियात नव्हे, अमेरिकेच्या ऐन मध्यावर, चर्चला नेमाने जाणाऱ्या माणसांनी केलं.

एक आक्षेप येईल म्हणून लिहितो. शेजारच्या कॅनडात मोजक्या मोठ्या बँका होत्या, देशभर शाखा असलेल्या. तिथे महामंदीत एकही बँक बुडाली नाही. तरीही कॅनडा जबर होरपळला, कारण त्याचा गहू आणि लाकूड घेणारंच कोणी उरलं नव्हतं. म्हणजे बँका हेच एकमेव कारण, असं माझं म्हणणं नाही. मंदी आलीच असती. पण साठवलेली बचतही गेल्यामुळे ती अमेरिकेत ज्या खोलीला गेली, बेकारी १९२९ च्या ३ टक्क्यांवरून १९३३ मध्ये २५ टक्क्यांवर, त्याचा मोठा वाटा बँकांचा.

आता हूव्हर. 'काहीच केलं नाही' हे धादांत खोटं. महायुद्धात बेल्जियमच्या लोकांना अन्न पोचवणारा, १९२७ च्या मिसिसिपीच्या पुरात मदतकार्य सांभाळणारा हा इंजिनिअर होता. नोव्हेंबर १९२९ मध्येच त्याने उद्योगपतींना व्हाइट हाऊसवर बोलावून पगार कापू नका असं वदवून घेतलं. जानेवारी १९३२ मध्ये बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं महामंडळ काढलं. त्याच्या आधीच्या कोणत्याही अध्यक्षाने मंदीत एवढी हालचाल केली नव्हती.

अडचण त्याच्या ठाम समजुतींची होती. बेकाराला वॉशिंग्टनने थेट पैसे दिले की माणसाचा कणा मोडतो, ते काम शेजाऱ्यांचं, चर्चचं आणि नगरपालिकेचं, असं तो मनापासून मानायचा. नगरपालिकांची तिजोरीच रिकामी होती, शिकागोत शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकले होते, हे दिसत असूनही. १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांनी विनवूनही त्याने परदेशी मालावरचा कर वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. १९३२ मध्ये अंदाजपत्रक जुळवण्यासाठी वरचा आयकर ६३ टक्के केला आणि वर प्रत्येक चेकवर दोन सेंट कर लावला. लोक आधीच रोकड घरी नेत होते, त्यात चेक लिहायलाही दंड! बँकवाल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. आणि त्या कर्ज महामंडळाची गोष्ट तर बघा. त्याचा अध्यक्ष चार्ल्स डॉज जून १९३२ मध्ये राजीनामा देऊन शिकागोला गेला, आणि काही दिवसांत त्याच्याच बँकेसाठी महामंडळाकडून ९ कोटी डॉलर मंजूर झाले. आर्थिक कारण होतं, ती बँक पडली असती तर शिकागो पडलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात युद्धातला बोनस लवकर द्या म्हणून माजी सैनिक हजारोंनी बायकामुलांसह राजधानीत येऊन बसले होते, आणि २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हाताखालच्या फौजेने अश्रुधूर सोडून त्यांच्या झोपड्या पेटवून दिल्या. बँकेला कोटी आणि जवानाला धूर. हे पाहिल्यावर निवडणुकीत काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको होता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या आणि ४ मार्चला रूझवेल्टने शपथ घेतली तोवर बहुतेक राज्यांत तीच गत होती. त्याने देशभर बँकांना सुट्टी जाहीर केली. ९ मार्चला आणीबाणीचा बँक कायदा खालच्या सभागृहात जेमतेम ४० मिनिटांत मंजूर झाला, सदस्यांच्या हातात छापील प्रतही नव्हती. त्या कायद्याचा मसुदा बराचसा हूव्हरच्याच अर्थखात्यातल्या माणसांनी तयार केला होता, हे विशेष. रविवारी १२ तारखेला रूझवेल्ट रेडिओवर बोलला. बँक म्हणजे काय, तुमचे पैसे तिथे कुठे असतात, उद्या कोणत्या बँका उघडतील, सगळं साध्या शब्दांत. उघडलेल्या बँकेत पैसे गादीखालच्यापेक्षा सुरक्षित आहेत, असं म्हणाला. सोमवारी रांगा लागल्या त्या पैसे भरायला. माझ्या पेशात याहून मोठी घटना मला माहीत नाही.

ठेव विम्याचं, म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंतची ठेव परत मिळण्याच्या हमीचं, श्रेय मात्र त्याला देऊ नका. रूझवेल्टचा त्याला सुरुवातीला विरोधच होता, कारण चांगल्या बँकांनी वाईट बँकांचा भुर्दंड का भरावा. रेटा काँग्रेसचा होता, विशेषतः तिथल्या स्टीगल आणि व्हँडनबर्ग या सदस्यांचा. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवी विम्याखाली आल्या आणि त्या वर्षी विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या. आपल्याकडे ठेव विमा आला तो १९६२ मध्ये, पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका १९६० मध्ये बुडाल्यावर, सुरुवातीला फक्त १,५०० रुपयांपर्यंत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. रूझवेल्टने बँका वाचवल्या, सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ वर नेऊन पैशाचा गळफास सोडवला, आणि लाखोंना सरकारी कामावर लावलं. मंदी संपवली म्हणाल, तर १९३७ मध्ये सावरतंय म्हणून खर्च आखडता घेतल्याबरोबर बेकारी पुन्हा उसळली, आणि ती पूर्ण गेली ती युद्धाच्या कारखान्यांमुळे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले होते. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचा रोजगार याच दोन कामांत होता, त्यामुळे त्यांच्यापुरतं बोलायचं तर वॉशिंग्टनचं सरकार तेव्हाही पोस्टमनच्या पलीकडे फारसं आलं नाही.