लॅपटॉप घ्यायचा का, पखवाज न्यायचा का

बारावीचा निकाल लागला की आमच्या लॅबच्या दारात पालक येऊन उभे राहतात. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वीसेक वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे या सदराकडे येणारे प्रश्न आणि लॅबच्या दारातले प्रश्न सारखेच असतात. कोकण बोर्ड 2012 ला वेगळं झालं तेव्हापासून निकालात आपली मुलं राज्यात पुढे आहेत, त्याचं कौतुक होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण निकालानंतर कॉलेज सुरू होईपर्यंतच्या दोन महिन्यांत घरात काय घ्यायचं, मुलानं कशात भाग घ्यायचा, हे सगळं घाईत कोणाच्या तरी सांगण्यावरून ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून यावेळी तेवढेच प्रश्न घेतलेत.

मुलगा सायन्सला होता, सीईटी दिलीय, इंजिनिअरिंगला जाईल. दुकानदार म्हणतो गेमिंगवाला लॅपटॉपच घ्या, 80 हजाराचा आहे, हप्त्यावर मिळेल, नाहीतर पोरगा वर्गात मागे पडेल. आमची सुपारीची बाग आहे, यंदा उत्पन्न बेताचंच झालं. काय करू? (एक आई, गुहागर)

ताई, आत्ता काहीच घेऊ नका. हे मी खर्च वाचवायला सांगत नाहीये हो, ब्रँचच अजून ठरलेली नाहीये म्हणून सांगतेय. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष बऱ्यापैकी सगळ्यांना सारखं असतं, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग आणि थोडं प्रोग्रामिंग, आणि तेवढं कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. ॲडमिशन झाली की मुलाला म्हणावं सेकंड इयरच्या चार पोरांना विचार, तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता, घरी किती वेळ लागतो. मेकॅनिकलला गेला आणि सॉलिडवर्क्ससारखं मशीनच्या भागांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर लागलं तर ते विंडोजवरच चालतं, तेव्हा 16 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड हा खर्च बरोबर आहे. कॉम्प्युटरला गेला तर ग्राफिक्स कार्डाची गरज सहसा पडत नाही, रॅम आणि एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, बघायची. बाकी कुठल्याही शाखेला, बीएस्सी, बीकॉम, बीए काहीही असो, 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप तीन वर्षं आरामात जातो, फक्त पुढे रॅम वाढवता येते का एवढं दुकानात विचारून घ्या, कारण हल्ली बऱ्याच मशीनमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते. ऑफिसचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, लिब्रेऑफिस फुकट आहे आणि ड्रॉइंगचं ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी फुकट मिळतं.

आता आपल्या किनाऱ्याचं एक वेगळं आहे, ते शहरातला दुकानदार सांगणार नाही. खारी हवा. गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आली, चार्ज होत नव्हता, एका दुकानात तिला बोर्ड गेला म्हणून सांगितलेलं आणि नव्या बोर्डाचे 18 हजार मागितलेले. तिचे वडील मच्छीमार, घर समुद्राला लागून. मी लॅपटॉप उघडला तर चार्जिंगच्या पिनेवर आणि तिच्या बाजूच्या यूएसबी पोर्टमध्ये हिरवट थर बसलेला, आपल्याकडे जुन्या तांब्याच्या भांड्यावर बसतो ना तसाच, आणि पंख्याच्या जाळीत धूळ आणि ओल मिळून चिखल झालेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने अर्धा तास पुसलं, रात्रभर सुकवलं, सकाळी चार्ज व्हायला लागला. सगळे एवढ्यावर सुटत नाहीत, कधी बोर्ड खरंच जातो, पण 18 हजार देण्याआधी दुसऱ्या एखाद्याला दाखवायलाच हवं. म्हणून घरी लॅपटॉप खिडकीपाशी उघडा ठेवायचा नाही, वापर झाला की घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवायचा, आणि जूनमध्ये गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढायचा, बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, पिन बाहेर काढायची, इंटरनेटची वायरपण. आपल्याकडे लाइट जाते-येते त्यात चार्जर जळण्याचं प्रमाण मी खूप बघितलंय.

आणि हप्त्याचं, ताई, मला खरंच कळकळीनं सांगावंसं वाटतं. दुकानदारानं "मागे पडेल" म्हटलं की आईच्या पोटात कालवतं. पण मागे पडतो तो मशीन नाही म्हणून नाही. माझ्या बघण्यात लॅबच्या जुन्या पीसीवर संध्याकाळी सहापर्यंत बसून प्रोग्रामिंग शिकलेली मुलं आहेत आणि भारी लॅपटॉपवर नुसते गेम खेळून पहिल्या वर्षाला नापास होऊन बसलेलीही आहेत. पहिली सेमिस्टर जाऊ दे, दिवाळीत ठरवा, तोवर मुलालाच नीट सांगता येईल त्याला काय पाहिजे ते.

मी मुंबईला बीएस्सीला जाणार आहे. सीनियर मुली सांगतात एनएसएस, एनसीसी, डिबेट, फोटोग्राफी, कोडिंग क्लब, सगळीकडे नाव दे, सर्टिफिकेटं जमव. मला तर वर्गात बोलायलाच भीती वाटते, आपलं बोलणं गावचं वाटेल म्हणून. (बारावी पास, श्रीवर्धन)

बाळा, सगळीकडे नाव देऊ नकोस. एकच धर आणि दोन वर्षं सोडू नको.

नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही आलंय, त्यात को-करिक्युलर म्हणजे सीसी नावाचे विषय आहेत, त्यांना क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुणांक, मिळतात, एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक असं काही. म्हणजे पूर्वीसारखं "अभ्यास सोडून उद्योग" असं राहिलं नाही. पण कॉलेजात यातलं नक्की काय आहे, ते ॲडमिशनच्या वेळीच विचार, सगळीकडे सगळं नसतं.

एनएसएस 1969 पासून आहे, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि एक सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात. त्या शिबिराबद्दल मला जास्त बोलायचंय. शहरातल्या मुली गावात जाऊन बंधारा बांधायला शिकतात, तिथे तुला काही नवीन नाही, पण चाळीस जणांचा स्वयंपाक किती वाजता चढवायचा, पाऊस आला तर काय, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणी कशी करायची, हे तुला येतं आणि त्यांना येत नाही, आणि तिथेच पोरी तुला विचारायला लागतात. वर्गात तोंड न उघडणाऱ्या आमच्या कितीतरी मुली शिबिराहून आल्या आणि बोलायला लागल्या, हे मी दरवर्षी बघते. एनसीसी घेतलीस तर ती जरा कडक, परेडला हजेरी 75 टक्के लागतेच, दुसऱ्या वर्षी बी आणि तिसऱ्या वर्षी सी सर्टिफिकेटची परीक्षा असते, सी किमान बी ग्रेडचं असेल आणि ग्रॅज्युएशनला 50 टक्के असतील तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला अर्ज करता येतो, लेखी परीक्षा नसते, निवड झालेल्यांना थेट एसएसबीला म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीला बोलावतात, मुलींनाही. नेव्हल विंग असलेलं कॉलेज मिळालं तर त्यात व्हेलर नावाची होडी वल्हवायची असते. तू श्रीवर्धनची, तुला होडीत बसायला कोणी शिकवायला नको.

आणि बोलण्याचं म्हणशील तर, तुझं बोलणं गावचंच आहे आणि ते असू दे. प्रेझेंटेशन असेल तर आदल्या दिवशी फोनवर स्वतःला रेकॉर्ड कर आणि ऐक, तीनदा केलंस की कुठे अडखळतेस ते कळतं. मोबाइलचा एवढा चांगला उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही. इंग्रजी विषय जड वाटला तर स्वयम नावाचं सरकारी पोर्टल आहे, 2017 पासून, त्यावर आयआयटीपासून सगळ्यांचे कोर्स फुकट आहेत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरायची, नुसतं शिकायचं असेल तर काही नाही. पण तेही एका वेळी एकच.

मी कुडाळजवळच्या गावातला. भजनात पखवाज वाजवतो आणि जत्रांच्या दिवसात एका दशावतारी कंपनीसोबत रात्री जातो. आजी म्हणता, "शिकान सवरान दशावतारात नाचतलस काय?" बाबा म्हणतात कॉलेजच्या फॉर्मवर हे कुठे लिहिता येतं का. कोडिंगचा क्लास लावू का? (अकरावी, सिंधुदुर्ग)

हे पत्र मी तीनदा वाचलं.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते, हे बाबांना माहीत असेलच, पण एकदा शांतपणे आठवून बघायला सांग. आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात, समोरचा काय बोलेल माहीत नाही, प्रेक्षकातून कोण काय ओरडेल माहीत नाही, आणि पहाटेपर्यंत आख्यान पुढे न्यायचं असतं. त्यात पखवाजवाला म्हणजे तू, नटाच्या पायाकडे डोळे लावून बसलेला, त्याचा पाय उचलला की हात पडला पाहिजे. ही एकाग्रता आणि हजरजबाबीपणा शिकवायला शहरात लोक पैसे घेतात. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो दरवर्षी, त्यात संगीत, लोकनृत्य, नाटक सगळं असतं, आणि सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली आहेत. तिथे पखवाज येणारा मुलगा कॉलेजला शोधून सापडत नाही. फॉर्मवर लिहायची जागा आहे, बाबांना सांग.

कोडिंगचा क्लास लावूच नको असं नाही म्हणत. पण तुझ्या हातात आत्ता जे आहे त्यालाच टेक्नॉलॉजी जोडून बघ ना. तुमच्या कंपनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या नटाला किंवा हार्मोनियमवाल्याला विचार, परवानगी घे, आणि त्यांची आख्यानं रेकॉर्ड कर. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा म्हणजे मध्ये कॉल येत नाही, पखवाजाच्या अगदी जवळ ठेवायचा नाही नाहीतर आवाज फुटतो, चार-पाच हात लांब, नटांच्या बाजूला, आणि खाली दुमडलेला टॉवेल, कारण मंचाच्या फळीवर पाय आपटला की त्याचा धक्का आवाजात येतो. सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने तारीख, गाव, आख्यानाचं नाव, कोण कोण आहे हे बोलून ठेव. मग ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात साफ करायचं, तुकडे पाडायचे. शाळेच्या कॉम्प्युटरवर चालतं ते. फाइलींची नावं देणं, फोल्डर लावणं, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन ठेवणं, हे करता करता निम्मं कॉम्प्युटर शिकून होतं, आणि साउंडमध्ये रस वाटला तर तोही एक रस्ता आहे. वर्षभराने तुझ्याकडे दहा आख्यानं असतील तर कुठल्याही कॉलेजच्या इंटरव्ह्यूमध्ये लॅपटॉप उघडून ती ऐकव. आणि पहिलं आख्यान आजीला ऐकव.

मुलगी पहिल्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट सगळे एआयकडून लिहून घेते. फोन काढून घेऊ का? (एक वडील, दापोली)

फोन काढून घेऊ नका दादा, त्याने फक्त लपवाछपवी वाढेल. एक करा. तिच्या शेजारी बसा आणि तिला म्हणावं, त्या एआयला आपल्या गावाबद्दल विचार, आपल्या ग्रामदेवतेची जत्रा कधी असते, पालखी कोणत्या वाडीत आधी जाते. ते बहुतेक छान मराठीत, ठामपणे, काहीतरी भलतंच सांगेल. तुमच्या मुलीला पालखीचं खरं माहितीय म्हणून तिला चूक लगेच दिसेल. मग विचारा, प्रोजेक्टमधल्या ज्या गोष्टी तुला माहीत नाहीत तिथे चूक कशी ओळखणार? आमच्या मुलांशी मी हे करते तेव्हा वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. नंतर ती मुलं एआयकडून लिहून घेण्याऐवजी स्वतः लिहिलेलं त्याला दाखवतात, यावर मला पाच अवघड प्रश्न विचार असं सांगतात, हा वापर मला चालतो.

2021 च्या पुरात आमच्या घरातली सगळी कागदपत्रं गेली होती, मोठ्या मुलाला डुप्लिकेट मार्कशीट काढायला फार फिरावं लागलं. आता धाकटी कॉलेजला जातेय, तिची कागदपत्रं कशी जपू? (एक आई, चिपळूण)

22 जुलैची ती रात्र चिपळूणमधलं कोणी विसरणार नाही ताई. धाकटीचं डिजिलॉकर, म्हणजे सरकारचं ऑनलाइन कागदपत्रांचं कपाट, आजच उघडा, आधारला जोडलेला मोबाइल नंबर हातात घेऊन बसा, दहा मिनिटं लागतात. त्यात एक गोष्ट नीट बघा: फोटो काढून तुम्ही स्वतः टाकलेला कागद वेगळा आणि "इश्यूड" या भागात बोर्डाकडून थेट आलेली मार्कशीट वेगळी. थेट आलेली मूळ कागदासारखी ग्राह्य धरतात, आपण टाकलेला फोटो नाही. कॉलेजला गेल्यावर तिचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, तोही निघेल, क्रेडिट त्यावरच जमा होतात, त्यामुळे आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं आहे का ते आत्ताच तपासा, आईचं नाव, वडिलांचं नाव, स्पेलिंग सगळं. फरक असेल तर ॲडमिशनच्या गर्दीआधी दुरुस्त होतो. आणि मूळ कागद प्लास्टिकच्या झिपवाल्या पाकिटात घालून माळ्यावर ठेवा, खालच्या कपाटात नको.