सात आठवड्यांची रीफ टाकी, हिरवं शेवाळ आणि घरच्या आरओचं पाणी

भाऊ, तुम्ही दिलेले आकडे आधी एका जागी मांडतो. दर्यापूर तालुका, २०० लिटरची रीफ टाकी (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी), सात आठवडे झालेले. सुरुवातीला काचेवर तपकिरी धूळ, आता दगडांवर हिरव्या लांब केसांसारखं शेवाळ. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.२५, अल्कलिनिटी (पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा) १२ डीकेएच (तो मोजायचं एकक), सकाळचा पीएच ७.८, तापमान ३०. घरच्या आरओचं पाणी, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८०. रोज चार लिटर उडतं, तेवढं वरून घालता. पीएच चढावा म्हणून दोनदा चमचाभर खायचा सोडा टाकला. आणि आता शेवाळ मारायचं औषध विचारताय.

औषध आणू नका. शेवाळ मरेल, सडेल, त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट परत पाण्यात उतरेल आणि पंधरा दिवसांत तेच केस पुन्हा दिसतील.

हिशेब करून बघा. वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार टाकीतच राहतात. रोज ४ लिटर, प्रत्येक लिटरमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे ४९ दिवसांत साडेपंधरा ग्रॅमच्या वर नको ते क्षार तुम्ही टाकीत साठवले. त्या पाण्यात नायट्रेट १० असेल, तर एवढ्यानंच टाकीचं नायट्रेट ९ ते १० ने वाढतं. युरिया पडणाऱ्या शेतातल्या बोअरला नायट्रेट असणं काही नवल नाही, आणि आरओची मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) इतर क्षारांच्या मानानं नायट्रेट कमी अडवते. तपकिरी धूळ डायटम या सूक्ष्म शेवाळाची होती, त्यांना सिलिकेट लागतं, तेही काही इथूनच आलं. फॉस्फेटचा मोठा वाटा मात्र माशांच्या खाण्याचा आणि सुक्या दगडांचा.

अल्कलिनिटीचंही तसंच. आपल्या भागातल्या बोअरला सोडियमचे बायकार्बोनेट भरपूर असतात, त्यातले थोडे आरओतूनही निसटतात. त्यात तुम्ही टाकलेल्या खायच्या सोड्याची भर. त्याचा ५ ग्रॅमचा एक चमचा २०० लिटरमध्ये अल्कलिनिटी सुमारे ०.८ डीकेएचनं चढवतो. नव्या टाकीत ती खाणारे प्रवाळ जेमतेम, म्हणून आकडा वरच अडकला. ७.८ पीएच हा बहुतेक बंद खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे. रात्री खिडकी उघडी ठेवा, सकाळी परत मोजा. खायचा सोडा बंद. अल्कलिनिटी १२ वरून खाली आणायला व्हिनेगर वगैरे टाकत बसू नका, पाणी बदलताना उतरेल.

मग पाणी कुठलं? घरगुती आरओ पिण्यासाठी असतो. चवीसाठी त्यात टीडीएस कंट्रोलरचा व्हॉल्व्ह किंवा मिनरल कार्ट्रिज असते, ती कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळते. म्हणून मेम्ब्रेनमधून निघालेल्या शुद्ध पाण्याच्या नळीलाच टी-जोड लावून पाणी घ्या आणि तिथं टीडीएस मोजा. ३०-४० निघालं तर बाकीचं मिक्सिंगचं. तिथंही ७५ असेल तर बहुतेक बोअरच १,५०० च्या आसपास असेल, मेम्ब्रेनचा दोष नसेल. दोन्हीकडे पुढं मिक्स्ड बेड डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लागेलच, टीडीएस मीटरवर ० येईपर्यंत. फरक खर्चाचा. ७५ चं पाणी असेल तर लिटरभर रेझिन महिनाभरात संपल्यात जमा. त्यापेक्षा धरणाच्या नळयोजनेचं पाणी मिळत असेल तर आरओला तेच जोडा. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून स्वच्छ छतावरचं पाणी कार्बन आणि डीआयमधून काढलं तरी चालतं. एसीचं पाणी नको, त्यात तांबं उतरतं.

खारपाणपट्ट्यात एक प्रश्न हमखास येतो: आपलं पाणी आधीच खारं, मग महागडं समुद्री मीठ कशाला? समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्लोराइड १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा, मॅग्नेशियम १.३ आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम, असं ठरलेलं प्रमाण असतं. आपल्या बोअरचा खारेपणा वेगळा, त्यावर मीठ घातलं तर प्रमाण आणखी बिघडेल.

आता काम. तीन आठवडे, दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदला. मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, पाकिटावरचं पाहा. अल्कलिनिटी ८ देणारं मीठ निवडा. २४ तास पंपानं फिरवून, तापमान जुळवून घाला. घनता १.०२६, आणि खारटपणाचा मीटर आरओच्या पाण्यानं नव्हे, ३५ पीपीटीच्या (लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार) कॅलिब्रेशन द्रावणानं जुळवलेला. तिन्ही बदलांनंतर नायट्रेट जवळपास निम्म्यावर येईल. बदलाआधी केस हातानं उपटा, उरलेले टूथब्रशनं घासत त्याच वेळी सायफनची नळी तिथंच धरा, नाहीतर तुकडे टाकीभर पेराल. दिवे सहा तास. माशांचं खाणं निम्मं करा. शेवाळ खाणाऱ्या ट्रोकस गोगलगायी पाच-सहा पुरे.

फॉस्फेट शोषणारं रेझिन पाकिटावरच्या निम्म्या मापानं सुरू करा. ०.०५ ते ०.१ वर थांबा. नायट्रेट-फॉस्फेट शून्य केलं की प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो) येतात, ती डोकेदुखी शेवाळापेक्षा लय मोठी. कधी बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर दिसला आणि रात्री विरला, तर त्याचा नमुना बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा दोरे बांधले तर डायनो. तेव्हा पाणी बदलणं थांबवा.

मे महिन्यातली उष्णता वेगळी. कोरड्या हवेत पृष्ठभागावर फिरणारा पंखा टाकी दोन-चार अंश उतरवतो, पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर दमटपणामुळे पंख्याचा उपयोग घटतो. बर्फाच्या बाटलीवर भिस्त नको, लिटरभर बर्फ २०० लिटरला जेमतेम अर्धा अंश खाली आणतो. वरून घालायचं पाणी एकदम न ओतता सकाळ-संध्याकाळ काचेवरच्या खुणेपर्यंत, किंवा फ्लोट व्हॉल्व्ह लावा. लाइट गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लगेच सुरू व्हायला पाहिजे, ३० अंशाच्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी असतो.

आणि कपाशीवर फवारणी करून आलेला हात कितीही धुतला तरी त्या दिवशी टाकीत घालू नका. कीटकनाशकाचा अंशही झिंग्याला पुरतो. शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल तेव्हा हवेचा पंप आतल्या खोलीतून हवा घेईल असा ठेवा.

मेम्ब्रेननंतरचा टीडीएस मोजला की आकडा टाका, रेझिन किती लागेल ते त्यावर सांगता येईल.