१७ मार्चला घरी आयरिश पद्धतीची मेजवानी कशी करावी?

आपण विचारले आहे की, डब्लिनला येऊन जेमतेम काही महिने झाले आहेत, सेंट पॅट्रिक्स डेच्या संध्याकाळी पतीच्या ऑफिसातील आयरिश सहकारी आणि ओळखीची मराठी कुटुंबे अशा दहा-बारा जणांना घरी बोलवायचे ठरले आहे, तर सजावट, जेवण आणि कार्यक्रम खरोखर आयरिश वाटावा यासाठी काय करावे. मी अनेक वर्षे कॉर्कमध्ये राहते आणि या दिवशी आमच्याकडे शेजारीपाजारी जमतातच. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: दुकानातल्या हिरव्या टोप्या, खोट्या लाल दाढ्या आणि प्लॅस्टिकच्या माळा यांच्यावर पैसे घालू नका. इथल्या घरांतला सण गरम, साध्या जेवणावर आणि पाहुण्यांनी एकमेकांना ऐकवलेल्या गाण्यागोष्टींवर चालतो. आपली सगळी मेहनत या दोन गोष्टींवर असू द्या.

हा मुळात धार्मिक सण आहे, हे लक्षात असावे. पॅट्रिक हा पाचव्या शतकातील धर्मप्रसारक. त्याचा जन्म रोमन अमलाखालील ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास चाचे त्याला पळवून आयर्लंडमध्ये घेऊन आले, सहा वर्षे त्याने येथे गुलाम म्हणून गुरे राखली, सुटून घरी गेला आणि पुढे आपण होऊन याच भूमीत परत आला. १९०३ पासून हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आहे. तो लेंट या ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात येतो आणि त्यापुरते व्रत शिथिल करण्याची रीत असल्यामुळे, चॉकलेट किंवा दारू सोडलेली माणसे या एका दिवशी ती मोकळेपणाने घेतात. आज पबमध्ये उसळणारी गर्दी पाहून खरे वाटणार नाही, पण १९२७ च्या कायद्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ या दिवशी पब बंदच असत. सकाळी चर्च, दुपारी मिरवणूक आणि मग घरी जेवण, हेच जुन्या पिढीच्या आठवणीतले रूप आहे. आपण घरीच जमायचे ठरवलेत, हे मला म्हणूनच फार योग्य वाटते.

सजावटीचे थोडक्यात सांगते. मार्चमध्ये डॅफोडिलच्या जुड्या स्वस्त मिळतात. त्या बरण्यांमध्ये ठेवल्या, मेणबत्त्या लावल्या आणि शॅमरॉकची एखादी छोटी कुंडी टेबलावर ठेवली की पुरे. शॅमरॉक तीन पानांचाच असतो. चार पानांचे चित्र लावले तर ते सुदैवाचे वेगळे चिन्ह होते, आणि पाहुण्यांच्या ते लगेच ध्यानात येते. झेंडा लावणार असाल तर काठीच्या बाजूला हिरवा, मध्ये पांढरा आणि बाहेरच्या बाजूला नारिंगी अशा उभ्या पट्ट्या हव्यात. उलटा लावल्यास तो आयव्हरी कोस्टचा झेंडा होतो.

आता जेवण. अमेरिकेत या दिवशी शिजवले जाणारे कॉर्न्ड बीफ आणि कोबी येथील घरांत क्वचितच दिसते. येथून न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांनी तिकडे जे परवडले आणि मिळाले, त्यातून तो पदार्थ रूढ झाला. येथे घरोघरी डुकराच्या मांसाचा उकडलेला बेकन आणि कोबी करतात. आपल्या पाहुण्यांमध्ये मराठी कुटुंबेही आहेत आणि त्यांतील काही जण बीफ किंवा पोर्क खात नसतील, म्हणून मी आपल्याला आयरिश स्टू करण्याचा आग्रह करीन. दोन किलो लॅम्ब, शक्यतो मानेचे आणि खांद्याचे हाडासकट तुकडे, तितकेच बटाटे, सहा-सात मोठे कांदे, थोडे थाइम, मीठ, मिरी आणि पाणी, एवढेच त्यात असते. गाजर घालावे की नाही यावर येथे घराघरांत मतभेद आहेत, मी घालते. मोठ्या पातेल्यात मटण आणि कांद्याचे थर लावून, वर बटाट्यांचे जाड काप रचून, झाकण ठेवून दीड-दोन तास अगदी मंद आचेवर ठेवावे. आले, लसूण किंवा गरम मसाला घालण्याचा मोह टाळा. काही बटाटे विरघळून रस्सा आपोआप दाट होतो आणि हाडाचा स्वाद त्यात उतरतो. हा पदार्थ आदल्या दिवशी केला तर वर साकळलेली चरबी काढून टाकता येते आणि चवही अधिक मुरते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही, कारण आयरिश स्वयंपाकाचा कणा बटाटा, दूध आणि लोणी हाच आहे. कॉलकॅनन अवश्य करा. त्यासाठी पिठूळ जातीचा बटाटा लागतो. येथे सर्वत्र मिळणारा लाल सालीचा रूस्टर उत्तम, आणि मिळाला तर कर्स पिंक त्याहून चांगला. सालासकट उकडून, गरम असतानाच काट्याला टोचून धरून साल काढावी आणि लगेच हाताने कुस्करावे. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर लावला की बटाट्याची खळ होते. मग ऊन दूध, भरपूर लोणी आणि उकडून बारीक चिरलेला केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा सॅव्हॉय कोबी त्यात मिसळावा. वाढताना मधोमध खळगा करून त्यात लोण्याचा गोळा सोडतात, आणि प्रत्येक जण कडेचा घास त्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खातो. कोबीऐवजी पातीचा कांदा दुधात उकळून घातला तर त्यालाच चँप म्हणतात. लीक आणि बटाट्याचे सूपही करता येईल, फक्त तयार स्टॉक वापरत असाल तर तो भाजीचाच आहे ना हे डब्यावर वाचून घ्या, आणि स्टूचा डाव त्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

सोडा ब्रेड मात्र विकत आणू नका. पाहुणे दारातून आत येताना घरात ताज्या ब्रेडचा वास असला की निम्मे काम झालेले असते, आणि मराठी स्वयंपाकघराला लागणारे सगळे त्यात आहेच: मैदा, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. ४५० ग्रॅम मैद्याला (किंवा निम्मा मैदा, निम्मी जाडसर कणीक) एक सपाट चमचा सोडा, एक चमचा मीठ आणि साधारण ३५० ते ४०० मिलीलिटर ताक लागते. येथे कार्टनमध्ये मिळणारे ताक दाट असते; घरचे वापरणार असाल तर ते पाणी न घालता घुसळलेले आणि आंबट असावे, कारण त्या आंबटपणाची सोड्याशी गाठ पडली की वायू तयार होतो आणि तेवढ्यावरच हा ब्रेड फुगतो. त्यात यीस्ट नाही. म्हणून ताक ओतल्यावर वेळ घालवायचा नसतो. माझ्या शेजारच्या आजींनी मला शिकवले ते असे: बोटे ताठ आणि फाकलेली ठेवून हात परातीत गोल फिरवायचा, पीठ जेमतेम एकत्र आले की थांबायचे, पिठी भुरभुरलेल्या ओट्यावर उलटून हलकेच गोल आकार द्यायचा. पोळीच्या कणकेसारखे तिंबले तर ब्रेड दगडासारखा होतो. आपल्या हाताला मळण्याची इतकी सवय असते की येथे मुद्दाम स्वतःला आवरावे लागते. मग धारदार सुरीने वर खोल फुलीचा छेद द्यावा आणि चारही कोपऱ्यांत सुरीचे टोक टोचावे. त्यातून पऱ्या बाहेर पडतात, नाहीतर त्या ब्रेडला नजर लावतात, असे जुनी माणसे सांगतात. छेदामुळे आतपर्यंत उष्णता पोचते, हेही खरेच. ओव्हन २३० अंशांवर तापवून पंधरा मिनिटे, नंतर २०० अंशांवर आणखी अर्धा तास. बाहेर काढून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. तसा आला नाही तर पालथा करून आणखी पाच मिनिटे ठेवावा. दहा-बारा जणांसाठी दोन ब्रेड लागतील, आणि ते त्याच दुपारी करावेत, कारण दुसऱ्या दिवशी ते कोरडे पडतात.

पेयांबाबत एक गृहीतक सोडून द्यावे: प्रत्येक आयरिश माणूस दारू पितोच असे नाही. १८९८ मध्ये डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या पायोनियर या मद्यवर्ज्य संघटनेची परंपरा अनेक कुटुंबांत आहे, शिवाय लेंटमध्ये दारू सोडणारे आणि गाडी चालवून परतणारेही असतातच. कडक चहा, दूध आणि बिस्किटे भरपूर असू द्या. चहाच्या बाबतीत आयरिश आणि मराठी घरांचे चांगले जमते. गिनेस ही काळी आयरिश बिअर ठेवणार असाल तर बिनअल्कोहोलचे कॅनही ठेवा. कॅनमध्ये नायट्रोजन भरलेली लहान पोकळ गोळी असते, त्यामुळे तो चांगला गार करून, ग्लास तिरका धरून एका धारेत ओतायचा असतो. दोन टप्प्यांत ओतण्याची पद्धत पबमधल्या नळाची आहे. बिअरमध्ये हिरवा रंग मिसळू नका, ती अमेरिकी हौस आहे. ‘ब्लॅक अँड टॅन’ या नावाचे मिश्रण तर मुळीच देऊ करू नका, कारण ते नाव १९२०-२१ मध्ये येथे अत्याचार केलेल्या ब्रिटिश तुकड्यांचे आहे आणि त्याच्या जखमा घराण्यांच्या आठवणीत आहेत.

जेवणानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथील जुन्या घरगुती बैठकींत ‘नोबल कॉल’ नावाची रीत असते: एकाने गाणे, कविता, किस्सा, काहीही सादर केले की पुढे कोण सादर करणार हे सांगण्याचा मान त्याचा. ज्याचे नाव घेतले जाते तो आढेवेढे घेतो, सगळे आग्रह करतात आणि शेवटी तो गातो. बहुतेक प्रौढ आयरिश माणसांकडे अशा प्रसंगासाठी एखादी ठरलेली चीज असते, फक्त ती कुणी मागावी लागते. यजमान म्हणून पहिले गाणे आपण गायचे. ते आयरिश असण्याची गरज नाही. आईकडून ऐकलेली ओवी किंवा एखादा अभंग मनापासून गा, दोन वाक्यांत अर्थ सांगा आणि मग एखाद्या आयरिश पाहुण्याचे नाव घ्या. साथीशिवाय, डोळे मिटून, एकट्याने गाण्याची येथे मोठी परंपरा आहे आणि अशा गाण्याच्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा. मागे रेकॉर्ड केलेले संगीत चालू असेल तर ते या वेळी पूर्ण बंद करावे, एरवी कुणीच गाणार नाही.

मराठी मित्रांपैकी कुणी तबला किंवा ढोलकी वाजवत असेल तर त्यांना जरूर आणायला सांगा. जिग ही आयरिश नाचाची धून ६/८ च्या लयीत चालते आणि दादऱ्याच्या सहा मात्रांवर ती सहज बसते. रील या दुसऱ्या प्रकारच्या धुनेला केरवा चालतो. पाहुण्यांपैकी कुणाकडे फिडल (व्हायोलिन) किंवा टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) निघालीच, तर ही साथ ऐकण्यासारखी होते. जागा असल्यास ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ हे समूहनृत्य करता येईल. दोन-दोन जोड्या समोरासमोर उभ्या राहतात, हात धरून दोनदा पुढे येऊन मागे जातात, मग स्त्रिया आपापसांत जागा बदलतात, त्यानंतर पुरुष. पुढे समोरच्याचा उजवा हात धरून बाजूला सरकून परत यायचे, आणि शेवटी आपल्या जोडीदाराबरोबर गिरकी घेत पुढच्या जोडीसमोर जाऊन उभे राहायचे. शाळेत ते शिकलेला एक तरी पाहुणा असतोच, त्याला पुढे करा. अशी नृत्ये पूर्वी खेड्यांतल्या स्वयंपाकघरांतच होत. १९३५ च्या नृत्यगृह कायद्याने परवान्याची अट आणली आणि त्याच्या जाचात घरांतले नाचही पुष्कळ ठिकाणी बंद पडले. आपल्या दिवाणखान्यातील टेबल भिंतीला लावून ते पुन्हा झाले, तर वयस्कर पाहुण्यांना त्याचे अप्रूप वाटेल.

गप्पांची चिंता नको. आपण मराठी आहात म्हटल्यावर लिओ वराडकर यांचा विषय बहुधा निघेल. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या वराडकरांच्या वडिलांचे कुटुंब मूळचे मालवण तालुक्यातील वराड गावचे, हे पुष्कळ आयरिश लोकांना ऐकायला आवडते. बटाट्यावरून विनोद मात्र कुणी करू नये. १८४५ पासूनच्या दुष्काळात बटाट्याचे पीक कुजून सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दुष्काळासाठी बाहेरून सुरुवातीला जी मदत आली, तिच्यात कलकत्त्यात जमलेला निधीही होता. विषय निघाला तर ही गोष्ट जरूर सांगा.

वाढताना एक ध्यानात ठेवा: आयरिश पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो आणि ते सभ्यतेचे असते. आपल्याकडच्याप्रमाणेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारावे लागते. कुणी बाटली किंवा केक घेऊन आले तर तो तिथेच उघडून सर्वांना द्यावा.

डब्लिनची मिरवणूक दुपारी बाराच्या सुमारास सुरू होते आणि नंतर शहरातून बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून पाहुण्यांना संध्याकाळी सहाची वेळ द्या. सुट्टीमुळे खाटकाचे दुकान बहुधा बंद असेल. मानेचे तुकडे चार-पाच दिवस आधी सांगून १६ तारखेलाच आणून ठेवा. दारूची विक्री दुकानांत रात्री दहानंतर होत नाही, तेव्हा तीही आधीच आणावी. आपण अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या, आणि शक्य असेल तर त्यांनाही बोलवा. दोन-चार माणसे वाढली तरी स्टूमध्ये बटाटे वाढवता येतात. पाहुण्यांपैकी कुणाला ग्लुटेन किंवा दूध चालत नसेल तर येथे कळवा, त्याप्रमाणे ब्रेड आणि कॉलकॅननमध्ये काय बदल करावेत ते सविस्तर लिहीन.