बाहुलीला मार, पेन्सिलीला नकार आणि उलथलेला पट

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. धाकटा भाऊ दोन महिन्यांचा झाला. तेव्हापासून भातुकलीत ती बाहुलीला बदडते, “गप्प बस, नाहीतर टाकून देईन” म्हणते. सासूबाई म्हणतात, आत्ताच आवर घाला, उद्या बाळावर हात टाकेल. खेळ थांबवावा का? – एक आई, सातारा

उत्तर : थांबवू नका. घरात जो तो “तू आता ताई झालीस ना” म्हणत शहाणपणाची अपेक्षा करतोय. राग काढायला तिच्याकडे ती बाहुलीच आहे.

रोज बाळ झोपल्यावर पंधरा मिनिटं तिच्याजवळ फरशीवर बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. खेळ तिने ठरवायचा, तुम्ही फक्त दिसतंय ते बोलायचं : “बाहुली रडतेय. आई दमलीय वाटतं.” “असं मारतात का?” हे ओठावर आलेलं वाक्य गिळा. “तू बाळ हो” म्हणाली तर व्हा, टॅहॅ करून रडा. ती ओरडली तर बाळाच्याच आवाजात म्हणा, “मला भीती वाटली, मला कुणी घेतंय का?” मग थांबा. पुष्कळदा तीच उठून बाळाला दूध पाजते, थोपटते. लगेच नाही झालं तरी घाई नको. वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी सांगा, म्हणजे उठताना रडारड कमी.

आई बाहुलीला कुशीत घेऊन “बघ, अशी माया करायची” म्हणाली, की खेळाची शाळा होते आणि पोर उठून जातं. बिघडतं ते इथेच.

खऱ्या बाळाजवळ मात्र नियम कडक. हात उगारला की हात धरा : “मारू देणार नाही. राग आलाय ना, ही उशी बडव.” दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका. काही आठवडे ती बाटली मागेल, बोबडं बोलेल, चालायचंच. पण झोप, जेवण बिघडलेलंच राहिलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. शाळेत अ, आ गिरवायला देतात. हा पेन्सिल धरत नाही, बोटं दुखतात म्हणतो. – एक बाबा, डोंबिवली

उत्तर : दुखत असतील. मनगटात आठ छोटी हाडं असतात. या वयात त्यांतली बरीचशी अजून नुसती मऊ, लवचिक कूर्चा असते, पक्कं हाड नव्हे, आणि हाताचे बारीक स्नायूही कच्चे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वयासाठी खेळातून शिकण्यावरच भर आहे, हे शाळेत बोलताना जरूर सांगा.

बोटांना बळ यावं म्हणून घरी खेळायचा गोळा मळा. दोन वाट्या मैदा, चिमूटभर हळद, दोन चमचे तेल. पाऊण वाटी कोमट पाण्यात पाव वाटी बारीक मीठ आधी ढवळून घ्या, नाहीतर खडे हाताला चरचरतात. हे पाणी थोडं थोडं घालत पाच मिनिटं मळा. कणीकही चालते, पण लवकर काळी पडते. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, गोळा चिकटतो. चमचाभर मैदा मिसळा. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. मीठ भरपूर असल्याने खाऊ देऊ नका. सगळंच तोंडात घालणाऱ्या पोराला बिनमिठाची कणीक द्या, संध्याकाळी टाकून द्या.

आधी तळहातांत लाडू, मग साप, मग करंजी. करंजीला मुरड घालताना अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात. पेन्सिल त्याच तिघांनी धरायची असते. त्याची मुरड वाकडी आली तर नीट करून देऊ नका. जोडीला खडूचे इंचभर तुकडे द्या, एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. ओल्या ब्रशने भिंत ‘रंगवणं’ खांद्यासाठी उत्तम. चिंचोके, मणी फक्त तुमच्या डोळ्यांसमोर, घशात अडकतात.

प्रश्न : साडेपाच वर्षांचा नातू सापशिडीत हरला की पट उलथतो. मी मुद्दाम हरू का? – एक आजोबा, बेळगाव

उत्तर : रोज नको, मुलांना ते कळतं. आजोबा, डाव छोटा करा. शंभर घरं फार होतात. नव्व्याण्णववर सापाने गिळलं तर मोठ्यांचंही डोकं फिरतं. तिसाव्या घरावर डाव संपवा. पहिले काही दिवस दोघांत एकच सोंगटी ठेवा. मग वेगळ्या सोंगट्या घ्या, आणि साप तुम्हाला गिळेल तेव्हा मोठ्याने कुरकुरा : “छे! परत खाली! फार राग आला बुवा. बरं, टाक फासा.” तरी पट उलथलाच, तर त्या दिवशीचा डाव बंद. व्याख्यान नको. सोंगट्या त्याने वेचायच्या, तुम्ही शेजारी बसून मोजायच्या.