चिनी मैत्रिणीच्या लग्नात पांढरा ड्रेस चालेल का? चिनी परंपरेत रंगांचे अर्थ काय?

पांढरा नकोच. हल्ली चीनमध्ये नवरी स्वतः एका विधीला पांढरा गाऊन घालते आणि नंतर लाल पोशाखात येते, पण पाहुण्याने नखशिखांत पांढरं घालणं मोठ्यांना खटकतं. लाल हा नवरीचा मान, तोही सोडा. मोरपिशी, गुलाबी, जांभळा, काहीही छान दिसेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रंगांच्या अर्थाचा. लाल शुभ आणि पांढरा अशुभ, इतकंच का? माझं म्हणणं असं की चिनी रंग शुभ-अशुभाच्या दोन खणांत टाकले की काहीच कळत नाही. तिथे प्रत्येक रंगाला दिशा, ऋतू आणि तत्त्व नेमून दिलेलं आहे. पूर्व, वसंत, लाकूड यांचा हिरवा-निळा. दक्षिण, उन्हाळा, अग्नी यांचा लाल. पश्चिम, शरद, धातू यांचा पांढरा. उत्तर, हिवाळा, पाणी यांचा काळा. आणि मधोमध माती, तिचा पिवळा. बीजिंगच्या झोंगशान पार्कात मिंग राजघराण्याच्या काळातला भूमी आणि धान्य यांच्या देवतांचा चौथरा आहे. त्यावर या पाच रंगांची माती आपापल्या दिशेला पसरलेली आहे, मध्ये पिवळी. हे मला फार देखणं वाटतं, कारण अख्खं साम्राज्य एका चौथऱ्यावर मांडलंय.

मधला म्हणून पिवळा सम्राटाचा. शेजारच्याच राजवाड्याची, फॉरबिडन सिटीची, जवळजवळ सगळी छपरं पिवळ्या कौलांची आहेत. पण तिथल्या ग्रंथालयाची, वेन्युआन गची, कौलं काळी आहेत. काळा म्हणजे पाणी, आणि पुस्तकांचा वैरी आग. छियानलाँग सम्राटाच्या काळातली, अठराव्या शतकातली ही इमारत. हे एक छप्पर समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. इथे रंग काम करतो, नुसता दिसत नाही.

लालही तसाच. तो आनंदाचा आहेच, पण त्याहून जास्त तो राखण करणारा आहे. चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो. दर बारा वर्षांनी आपल्या जन्माच्या प्राण्याचं वर्ष येतं आणि ते जड जातं असं मानतात, म्हणून त्या वर्षभर लाल कमरपट्टा किंवा आतले लाल कपडे घालतात. नववर्षाला दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावरच्या ओळी चिकटवतात, त्याही घराच्या रक्षणासाठी.

पांढऱ्याबद्दल मात्र 'अशुभ' म्हणणं मला पटत नाही. तो शोकाचा रंग आहे, जसा आपल्याकडेही अंत्ययात्रेला पांढरा घालतात. जुन्या चिनी रिवाजात सुतकाचे कपडे पाच प्रतींचे असत. नातं जितकं जवळचं, तितकं कापड जाडंभरडं. वडील गेले तर मुलाच्या अंगावर सगळ्यात खरखरीत, न रंगवलेलं कापड, आणि त्याच्या कडासुद्धा दुमडून शिवलेल्या नसत. दुःखात कडा शिवायचं भान कुठून येणार! भरपूर आयुष्य जगून माणूस गेला, तर काही भागांत त्याच अंत्यविधीला लाल रंगही येतो.

नाटकात अर्थ आणखी वेगळे. बीजिंग ऑपेरात, म्हणजे रंगवलेल्या चेहऱ्यांच्या चिनी संगीत नाटकात, लाल चेहऱ्याचा सेनापती ग्वान यू एकनिष्ठ, पांढऱ्या चेहऱ्याचा सत्ताधीश त्साओ त्साओ कपटी, काळ्या चेहऱ्याचा न्यायाधीश बाओ निःपक्षपाती. शेअर बाजारात तर भाव वाढला की आकडे लाल आणि पडला की हिरवे, आपल्या अगदी उलट. हिरव्याची एरवी काही अडचण नाही. फक्त पुरुषाच्या डोक्यावर हिरवी टोपी नको, बायको फसवतेय असा तिचा अर्थ होतो.

लग्नात आहेर लाल पाकिटातच द्या. नोटा कोऱ्या असू द्या, रक्कम सम ठेवा, पण तिच्यात ४ हा आकडा नको. विषम रक्कम अंत्यविधीला पांढऱ्या पाकिटातून देतात. आणि पाकिटावर नावं काळ्या शाईने लिहा, जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहिणं तिथे वाईट समजतात.