नक्षी कोरलेली की उमटलेली?

विचारणा अशी आहे : पुण्यातल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय विज्ञान दिनाला फलक लावायचा आहे. प्रकाश टाकून प्लास्टिकच्या फिल्मवर वीज वाहणारी नक्षी तयार करतात, त्याला 'प्रकाश-कोरीव वाहक पटल' म्हटलं तर चालेल का?

'कोरीव' मला खटकतं. कोरायचं म्हणजे टोकरून काहीतरी काढायचं. पॉलिअ‍ॅनिलीन या वीजवाहक प्लास्टिकच्या एका पद्धतीत काहीच काढत नाहीत. त्यात प्रकाशाने क्रिया सुरू करणारं रसायन मिसळून पातळ थर देतात आणि वर मास्क, म्हणजे नक्षीच्या आकाराचं झाकण, धरून अतिनील किरण सोडतात. किरण पोचतात तिथे पॉलिअ‍ॅनिलीनचं क्षपण होऊन (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून) तेवढा भाग विद्युतरोधक बनतो, झाकलेला भाग वीज वाहत राहतो. थर मात्र सलगच, बोट फिरवलं तर खाच लागत नाही. यासाठी आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, 'उमटणे'.

दुसरी तऱ्हा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पत्रिका छापणाऱ्यांना पाठ असते. स्क्रीन प्रिंटिंगच्या, इमल्शनचा लेप लावलेल्या जाळीवर पॉझिटिव्ह, म्हणजे नक्षी छापलेली पारदर्शक फिल्म, ठेवून जाळीवर उजेड पाडायचा; उजेड लागलेला भाग कडक होतो, उरलेला पाण्याने धुऊन जातो. वीजवाहक प्लास्टिकची काही मिश्रणंही अशीच प्रकाशाने घट्ट करून बाकीची धुतात. इथे थराला खरोखर उंचसखलपणा येतो, म्हणून 'नक्षी उठवणे' म्हणावं.

'पटल' नको. काचेला चिकटलेला असेल तर 'थर', सोलून निघत असेल तर 'पापुद्रा', आणि 'फिल्म' तर सगळ्यांनाच कळतं. नुसता 'वाहक' पुणेकराला आधी पीएमपीच्या बसमध्ये भेटतो, तेव्हा 'वीजवाहक' लिहा. तद्भव-तत्सम जोडी म्हणून कुणी नाक मुरडेल, पण 'वीजनिर्मिती' केव्हाच रुळली आहे.

आणि 'प्लास्टिक' का गाळलंत? सगळं नवल त्याच शब्दात आहे! प्लास्टिक म्हटलं की वायरवरचं वेष्टण आठवतं. १९७७ साली पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लास्टिकवर आयोडीनची प्रक्रिया केल्यावर त्याची वीजवाहकता प्रचंड वाढल्याचं दिसलं. त्या कामासाठी हीगर, मॅक्डिआर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

माझ्या मते फलकावर 'प्लास्टिकच्या फिल्मवर प्रकाशाने उमटवलेली वीजवाहक नक्षी' असं लिहावं. तुमच्या विद्यार्थ्यांनी फिल्म धुऊन घेतली असेल, तर 'उमटवलेली'च्या जागी 'उठवलेली' करा.